सांख्यिकीची सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तरं चुकतात. सराव करायचा तरी कसा?

कोरी_वही

बारावीनंतर थेट सोळा वर्षांनी गणिताच्या वाटेला गेले आहे. एका प्रवेशपरीक्षेत सांख्यिकी, आलेखवाचन आणि संभाव्यता असा २० गुणांचा भाग आहे आणि हातात सहा आठवडे. मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा) यांची सूत्रं झोपेतून उठवून विचारा, सांगेन. साडेतीनशे गणितं सोडवून झाली. तरी परवाच्या सराव चाचणीत या भागात ९. जीव जळतो तो यासाठी, की आकडेमोड कुठेच चुकलेली नाही.

मासला बघा. एकाला सात दिवस गाडीची वाट बघावी लागली, ती मिनिटं: ५, ८, ४, ४२, ६, ५, ७. 'त्याला साधारणपणे किती थांबावं लागतं?' बेरीज ७७, भागिले ७, मी ११ लिहून मोकळी. उत्तरसूचीत ६.

दुसरं. १०० जणांना कामावर पोचायला लागणारा वेळ. ० ते १० मिनिटांत १० जण, १० ते २० मध्ये २४, २० ते ३० मध्ये ३०, ३० ते ६० मध्ये ३६. आयतालेख (गटांचे एकमेकांना चिकटलेले स्तंभ) काढा आणि सर्वांत जास्त दाटी कुठे ते सांगा. मी ३६ उंचीचा ऐसपैस स्तंभ काढला आणि त्याच्याकडेच बोट दाखवलं. चूक.

तिसऱ्याची तर लाजच वाटते. दोन फासे टाकले तर बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती? बेरीज २ पासून १२ पर्यंत, म्हणजे अकरा शक्यता, म्हणून १/११. उत्तर १/६.

उत्तर वाचलं की पटतं. तसंच गणित पुन्हा आलं की हात पुन्हा तिकडेच जातो. आणखी दोनशे गणितं सोडवू, की हा विषय आपल्याला झेपत नाही हे मान्य करू? (दुसऱ्या पर्यायाला घरात बहुमत आहे.)

सरसकट_सरळ

सरावाला पर्याय नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, आपोआप जमेल. आणि आलेखाचं एक कायमचं लक्षात ठेवा: उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर तो आलेख फसवा.

तिसरा_बाक

कोरी_वही, तुमचं दुखणं ओळखीचं आहे. मी ही गणितं बरीच वर्षं शिकवतो आणि त्याआधी बरीच वर्षं चुकवली आहेत. आकडे दिसले रे दिसले की हात सुरू होतो आणि डोळे मागे राहतात. साडेतीनशे गणितांपैकी किती गणितांत तुम्ही सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज लिहिला होता? माझ्या वर्गात तो समासात पेन्सिलने लिहावा लागतो. समास कोरा असेल तर मी पुढचं तपासतच नाही. मुलं वैतागतात, वैतागू देत.

थांबण्याचं गणित घ्या. आकडे चढत्या क्रमाने लावले की ४, ५, ५, ६, ७, ८, ४२. आता ११ मिनिटं कुठे बसतात ते शोधा. सातांपैकी सहा दिवस तो त्याहून कमी थांबलाय आणि उरलेल्या एका दिवशी जवळजवळ चौपट. ११ च्या आसपास तो एकदाही थांबलेला नाही! ४२ खोडून तिथे १४ लिहा, मध्य धाडकन ७ वर येतो. मध्यक जागचा हलत नाही, ६ चा ६. पण म्हणून मध्य वाईट असं डोक्यात घेऊ नका. 'आठवड्यात एकूण किती वेळ वाया गेला' असं विचारलं असतं तर मध्यक काडीच्या उपयोगाचा नव्हता, मध्याला ७ ने गुणलं की काम झालं असतं.

आयतालेखाची चूक मात्र मला सगळ्यांत आवडली, कारण ती हाताने केलेली चूक आहे. आयतालेखात माणसं उंचीत नसतात, क्षेत्रफळात असतात. तुमचा शेवटचा स्तंभ इतरांच्या तिप्पट रुंद. त्याला ३६ ची उंची दिलीत, म्हणजे १० मिनिटं रुंद आणि १ उंच असं एक घर धरलं तर ३ गुणिले ३६, १०८ घरं. बाकी तिघांची मिळून ६४. बघणाऱ्याच्या डोळ्याला १७२ पैकी १०८, म्हणजे जवळपास ६३ टक्के लोक उशिरा पोचणारे दिसणार. खरे आहेत ३६ टक्के. हे ३६ जण दहा-दहा मिनिटांच्या तीन भागांत समान वाटा. दर १० मिनिटांना १२ येतात. आता स्तंभाची उंची १२. वीस ते तीसचा ३० उंचीचा स्तंभ आपोआप वर डोकावतो, दाटी तिथे आहे. वर्गांतरं, म्हणजे गटांच्या रुंदी, समान आहेत का, हे आधी बघायचं आणि मगच पट्टी हातात घ्यायची. (३० ते ६० मध्ये सगळे सारखे पसरलेले असतील असं नाही, पण सारणीत त्याहून जास्त माहितीच नाही.)

फासे. एक लाल घ्या, एक निळा. लाल ३ निळा ४ आणि लाल ४ निळा ३ हे दोन वेगळे निकाल आहेत. एकूण ३६. बेरीज २ यायला एकच वाट, ७ यायला सहा. तुमच्या अकरा शक्यता आहेत, पण त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. आणि लाज कसली? १७५४ साली दालांबेर या नामांकित फ्रेंच गणितीने चक्क विश्वकोशात लिहिलं होतं, की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३. त्याचा हिशोब असा: पहिल्यांदाच छापा पडला तर विषय संपला, नाहीतर काटा-छापा, किंवा काटा-काटा. तीन शक्यता, दोन अनुकूल. पहिली शक्यता बाकी प्रत्येकीच्या दुप्पट वजनाची आहे हे निसटलं. उत्तर ३/४. तुमची चूक याच घराण्यातली आहे.

सरसकट_सरळ, अक्षाबद्दल अर्धंच अनुमोदन. स्तंभालेखाला नियम लागू. ८२, ८४, ८७ हे आकडे ८० पासून सुरू होणाऱ्या अक्षावर काढले तर स्तंभ दिसणार २, ४ आणि ७ उंचीचे. शेवटचा पहिल्याच्या साडेतीनपट वाटतो, वाढ मात्र ६ टक्क्यांची. पण तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढून बघा. ३७ आणि ४० मधला फरक एवढासा दिसेल आणि रोगी ठणठणीत वाटेल. रेषालेखात आपण चढउतार बघतो, तिथे शून्याचा हट्ट नको. अक्षावरचे आकडे आधी वाचायचे, एवढं पुरे.

आता गृहपाठ. नाण्याला हात न लावता, निव्वळ मनाने १०० वेळा छापा-काटा लिहून काढा. मग खरंच १०० वेळा उडवा. दोन्ही रांगांत सलग एकसारखे जास्तीत जास्त किती आले ते सांगा. आणि दोन फासे ३६ वेळा टाका, ताळ्याच्या खुणा (दर फेकीला एक रेघ) करत.

सरसकट_सरळ

तापाच्या तक्त्याने गप्प केलंत. 'फसवा' मागे घेतो, 'स्तंभ असतील तर फसवा' असं वाचावं. घड्याळाचा मुद्दा मात्र सोडत नाही. अंदाज लिहीत बसलं तर परीक्षेत वेळ कुठून आणायचा?

तिसरा_बाक

परीक्षेत लिहायचा नाहीच. घरी लिहून लिहून तो परीक्षेत मनात होतो. पाच सेकंद जातात.

कोरी_वही

पाच दिवसांनी हजर आहे, वहीसकट.

मनाने लिहिलेल्या रांगेत सलग एकसारखे तीनच्या वर कधीच गेले नाहीत. खरं नाणं: ४६ छापे, ५४ काटे आणि एकदा सलग सात काटे. पाचव्याला म्हटलं, आता छापा येणारच. सहाव्याला नाण्याच्या दोन्ही बाजू तपासल्या. सातव्यानंतर नाणं बदलायला उठलेच होते, तेवढ्यात छापा पडला. मग कळलं, की मनाने लिहिताना मी दर तिसऱ्या काट्यानंतर 'आता पुरे' म्हणून छापा लिहीत होते. नाण्याला काही आठवत नसतं, सगळं मलाच आठवत होतं.

समासातले अंदाज ४० गणितांत लिहिले. १७ साफ गंडले, त्यातले बहुतेक आलेखांचे. गंमत म्हणजे आता चूक कुठे होणार ते आधी कळायला लागलंय. दोन वर्गांतरं असमान दिसली की पट्टी खाली ठेवते.

फाशांनी मात्र दगा दिला. ३६ फेकींत ७ फक्त तीनदा, ८ मात्र सात वेळा. १/६ म्हणजे ६ वेळा यायला हवं होतं ना? फासे बिघडलेत की मी?

तिसरा_बाक

दोघंही ठीक आहात. ३६ फेकींत ७ बरोबर सहा वेळा येण्याची शक्यता १८ टक्क्यांच्याही किंचित आतच आहे. तीन किंवा त्याहून कमी वेळा येण्याची जवळपास १३ टक्के, म्हणजे साधारण आठ जणांनी हा प्रयोग केला तर एकाचं तुमच्यासारखं होणार. सलग काट्यांचंही तसंच. १०० फेकींत कुठेतरी सलग पाच किंवा जास्त एकसारखे पडण्याची शक्यता ९७ टक्के असते. मी वर्गात दोन्ही रांगा मागतो आणि मनाने लिहिलेली कोणती ते ओळखून दाखवतो. मुलांना जादू वाटते. मी फक्त सलग एकसारख्यांची लांब माळ कोणत्या रांगेत नाही ते बघत असतो.

'जास्त टाकलं की बरोबर होतं' याचा अर्थही नीट घ्या. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच या गणितीने नाणं १०,००० वेळा उडवून नोंदी ठेवल्या. छापे ५,०६७. निम्म्यापेक्षा ६७ जास्त. तुमचा फरक फक्त ४ चा! पण टक्क्यांत बघा: त्याचे ५०.६७, तुमचे ४६. फरकाचा आकडा मोठा होऊ शकतो, टक्केवारी मात्र निम्म्याकडे सरकते. नाणं आधीची भरपाई करत नाही, जुने सात काटे पुढच्या गर्दीत बुडून जातात.

कोरी_वही

भरपाई नाही, बुडून जातात. हे समासात लिहून ठेवलं.

दहा हजार काही जमायचे नाहीत, पण फासे ३६० पर्यंत नेते. अंदाज आधी लिहिलाय: ७ येईल ५० ते ७० वेळा. लाल फासा कपाटाखाली गेलाय, तो निघाला की सुरू करते.