मदत हवी आहे: तळ्यातलं केंदाळ काढलं, तीन आठवड्यांत परत भरलं. औषधाचं नाव सांगा

तळ्याकाठची
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. आमच्या गावच्या तळ्यात केंदाळ माजलंय. आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी पाण्यात उतरतो. कर्नाटकी बेंदराच्या आधी सगळं काढलं होतं, पाणी स्वच्छ दिसत होतं, गावातली माणसं बघायला येत होती. पाऊस लागला आणि तीन आठवड्यांत या काठापासून त्या काठापर्यंत परत हिरवंगार. गणपती तोंडावर आलेत. एकजण औषधाचा खर्च द्यायला तयार आहे. कुठलं औषध आणि पंपाला किती, एवढंच सांगा. मेहनत करा, जनजागृती करा असले सल्ले नकोत. मेहनत करून हात सोलून निघालेत.

ऊसवाला_चिकोडी
ग्लायफोसेट मारा. आम्ही शेततळ्याला मारलं होतं. पंधरा दिवसांत पिवळं पडून खाली बसलं. यात विचार करण्यासारखं काही नाही.

शिवार_येळ्ळूर
अण्णा, शेततळं वेगळं आणि गावतळं वेगळं. गावतळ्यात म्हशी उतरतात, बायका धुणं धुतात. ताई, आधी हे सांगा: तळं केवढं? खोली किती? पाणी येतं कुठून, जातं कुठे? मासे सोडलेत का? यातलं काहीच लिहिलेलं नाही तर कोण काय सांगणार?

आमच्याकडे बेळगावात बळ्ळारी नाल्यात दर पावसाळ्यात हेच. जलपर्णी तटते, पाणी तुंबतं आणि वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात पाण्याखाली जातं. बासमतीची लावण दोन-दोनदा करावी लागते. नाला साफ केल्याचे फोटो दरवर्षी येतात, पाणी दरवर्षी शिरतं. पाणी कुठून येतं ते बघितल्याशिवाय वरचं केंदाळ काढून काही होत नाही, हे मी पोळून सांगतोय.

तळ्याकाठची
तळं अडीच-तीन एकर असेल. मधे छातीभर पाणी. सांडव्यावरून ओढ्याला जातं, ओढा पुढे नदीला. मासे आहेत, लिलाव होतो. औषधाचं नाव कुणी सांगणार आहे का?

ऊसवाला_चिकोडी
सांगितलं की. ग्लायफोसेट.

वनस्पती_धारवाड
कृपया मारू नका. पहिली गोष्ट, केंद्र सरकारने 2022 साली आदेश काढून ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनी करायची असं ठरवलंय. स्वयंसेवकांनी पंप पाठीला लावून तळ्यात मारणं त्यात बसत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. एवढा पाला एकदम मेला की पाण्यातच कुजतो. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगतात. लिलाव घेतलेला माणूस मग तुमच्याच दारात येईल. आणि कुजलेल्या पाल्याचं खत तळाशी बसतं, त्यावर पुढचं केंदाळ पोसतं.

आता माझा प्रश्न. तुम्ही केंदाळ म्हणताय ते नेमकं कुठलं? जांभळं तुऱ्यासारखं फूल येतं का? देठ फुगीर, आत स्पंजसारखा आहे का?

तळ्याकाठची
केंदाळ म्हणजे केंदाळ. सगळ्या गावाला माहीत आहे. फूल कशाला बघायचंय?

टोपली_कला
ताई, याकडे संकट म्हणून बघू नका. जलपर्णीचे देठ वाळवून टोपल्या, चटया, पर्स विणता येतात. आमच्या बचत गटाने शिकून घेतलंय. देठ हातभर लांब लागतात, सात-आठ दिवस कडक उन्हात वाळवायचे, बुरशी लागू द्यायची नाही. तुमच्या गावातल्या बायकांना मी शिकवायला येईन.

शिवार_येळ्ळूर
श्रावणात कडक ऊन कुठलं आणायचं, अक्का? आणि त्यांनी हे विचारलेलं नाही.

जुना_कारकून
महसुलात नोकरी केली, त्या अनुभवावरून लिहितो. तळं कुणाचं? पट्टण (नगर) पंचायतीचं, ग्रामपंचायतीचं की लघु पाटबंधाऱ्याचं, म्हणजे सण्ण नीरावरीचं? ढोबळ हिशेब असा की ज्या तळ्याचं भिजक्षेत्र 40 हेक्टरपर्यंत ते पंचायत राजकडे, त्याच्या वर 2000 हेक्टरपर्यंत लघु पाटबंधाऱ्याकडे. उतारा काढा. मोबाइलवर दिशांक ॲप घ्या आणि तळ्याच्या काठावर उभ्या राहा, सर्वे नंबर समोर येतो. परवानगी नसताना औषध मारलंत आणि मासे मेले, तर गुन्हा तुमच्यावर. चांगलं काम करणारी पोरं अशीच अडकतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

तळ्याकाठची
परवानगीचं विचारूच नका. अर्ज मराठीत दिला, तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नडमध्ये नेला, तर हे आमच्याकडे येत नाही म्हणाले. तिसऱ्या फेरीला साहेब जागेवर नव्हते.

सीमेवरचा
यावर बोललंच पाहिजे. पिढ्यानपिढ्या आम्ही इथं राहतो आणि साध्या तळ्याच्या अर्जालासुद्धा...

जुना_कारकून
थांबा. तुमचं दुखणं मला कळतं, मीही त्यातूनच गेलोय. पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथं तळं मरायला लागलंय. ताई, अर्ज दोन्ही भाषांत एकाच कागदावर करा, वर सर्वे नंबर घाला आणि आवक नोंद करून पोच घ्या. पोच हातात असली की "आमच्याकडे येत नाही" हे त्यांना लेखी द्यावं लागतं.

पाणपक्षी_नोंदी
मी हिडकल धरणाच्या फुगवट्यावर आणि धुपदाळच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी बघायला जातो. एक विनंती आहे. सगळं एकदम खरवडून काढू नका. आत्ता कमळपक्ष्यांचे विणीचे दिवस आहेत. तरंगत्या पानांवर त्यांची अंडी असतात आणि ती नर उबवतो. जिथं घरटं दिसेल तिथला तुकडा सप्टेंबरअखेरपर्यंत सोडा.

आणि हे तळं पाणथळ जागा म्हणून जाहीर करून घ्या. गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळं बघा. थंडीत तिथं पट्टकदंब हंसांचे थवे उतरतात आणि 2024 साली ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं.

जुना_कारकून
एवढं सोपं नाही ते. 2017च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि शेतीच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलेली आहेत. आपल्याकडची बहुतेक गावतळी त्यातच मोडतात.

पाणपक्षी_नोंदी
मागडीचं तळंही शेतीच्या पाण्यासाठीच बांधलेलं होतं.

जुना_कारकून
रामसर यादी वेगळी, नियमाखालची अधिसूचना वेगळी. दोन्ही एकत्र करू नका. आणि अडीच एकराच्या तळ्याला गणपतीच्या आत दोन्हीतलं काही मिळणार नाही.

वनस्पती_धारवाड
तळ्याकाठची, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी उगाच विचारत नाही. आज जाऊन एक झाड उचलून बघा. पान केवढं, वरून खरखरीत की गुळगुळीत, खाली काय लोंबतंय?

तळ्याकाठची
जाऊन आले. पान बोटाच्या पेराएवढं, मधे घडी घातल्यासारखं. वर बारीक लव आहे, पाणी टाकलं तर थेंब होऊन घरंगळतं. पानं जोडीजोडीने. खाली तपकिरी मुळ्यांसारखं लोंबतंय. फूल कुठंच नाही. एकावर एक इतकं दाट चढलंय की बगळा त्यावर चालत जातो.

वनस्पती_धारवाड
ही जलपर्णी नाही. ही सालव्हिनिया आहे, केरळात हिला आफ्रिकन पायल म्हणतात. मूळची ब्राझीलची. फुलं येत नाहीत कारण ही नेच्यांच्या जातीतली, आणि हिला बीसुद्धा धरत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. पाण्यात खत भरपूर आणि हवा उबदार असली की काही दिवसांत दुप्पट. तुम्ही कसं काढलं होतं?

तळ्याकाठची
जेसीबीने काठावरचं ओढलं, मधलं आम्ही दाताळ्यांनी. ढीग काठावरच ठेवला.

वनस्पती_धारवाड
म्हणजे जेसीबीच्या बकेटने आणि दाताळ्यांनी हजारो तुकडे झाले, ते पाण्यात राहिले. काठावरचा ढीग पावसाने धुऊन परत आत. तुमची मेहनत कमी पडली नाही, हत्यार चुकलं.

यात एक चांगली बाजू आहे. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे ती साफ केल्यावरही उगवत राहते. हिचं तसं नाही. शेवटचा तुकडा निघाला की संपली. तीन एकराच्या तळ्यात हे हाताने होण्यासारखं आहे.

टोपली_कला
मग टोपल्या?

वनस्पती_धारवाड
याच्या नाही होणार. देठच नाही हिला.

ऊसवाला_चिकोडी
गवत्या मासा सोडा. सगळं खाऊन टाकतो.

पाणपक्षी_नोंदी
गवत्या पाण्याखालची कोवळी झाडं आधी खातो. तुमचं कमळ आणि देशी शेवाळ संपेल, सालव्हिनिया तशीच राहील. बाहेरचा मासा तळ्यात, तिथून ओढ्यात, तिथून नदीत. नको.

शिवार_येळ्ळूर
ते भुंगे असतात म्हणे केंदाळ खाणारे. बेंगळूरला सोडले होते.

वनस्पती_धारवाड
होय, पण नीट समजून घ्या. जलपर्णी खाणारा भुंगा नियोकेटिना, तो 1980च्या दशकात बेंगळूरच्या तळ्यांत सोडला होता. तो सालव्हिनियाला तोंड लावणार नाही. हिचा भुंगा वेगळा, सिर्टोबेगस, जेमतेम दोन मिलिमीटरचा. केरळात त्याने मोठं काम केलं. अलीकडे मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तोच सोडून सालव्हिनिया आटोक्यात आणली. पण त्याला वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागतो, गणपतीसाठी तो उपयोगाचा नाही. पुढचा विचार म्हणून बेंगळूरच्या कीटक संसाधन ब्युरोला पत्र लिहा, किंवा मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात हिचा नमुना घेऊन जा. परस्पर कुठूनही भुंगे आणून सोडू नका.

शिवार_येळ्ळूर
आता काढायचं कसं ते मी सांगतो, आम्ही नाल्यात करतो तसं. दाताळं बंद. दोन लांब बांबूंना शेडनेट बांधा, खालून दगड लावा. श्रावणात वारा पश्चिमेचा असतो, केंदाळ आपोआप पूर्वेच्या काठाला सरकतं. वाऱ्याच्या बाजूने जाळी धरून दहा माणसांनी हळूहळू ढकलत एका कोपऱ्यात आणायचं. तिथून पाट्यांनी उचलायचं, ओढायचं नाही. सांडव्याला आधी बारीक जाळी मारा, नाहीतर खालच्या गावाला तुमचं केंदाळ जाईल. काढलेलं काठापासून लांब, उंच जागी. शेणात कालवून खड्ड्यात घातलं तर कुजतं. गटाराचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला घालू नका. पुढचे दोन महिने दर चार दिवसांनी दोन माणसांनी काठाने फिरून सुटे तुकडे वेचायचे. रविवारची वाट बघायची नाही. जमेल?

आणि गटार येतं का, ते अजून सांगितलं नाही.

तळ्याकाठची
येतं. वरच्या गल्लीचं सगळं सांडपाणी. पाच-सहा वर्षं झाली. ते आम्हाला थांबवता येणार नाही म्हणून लिहिलं नाही.

शिवार_येळ्ळूर
तेच तर मूळ आहे, बाई.

पाणपक्षी_नोंदी
थांबवता नाही आलं तरी रोखता येतं. गटार तळ्यात पडतं तिथं आधी एक खड्डा, गाळ बसायला. त्याच्या पुढे उथळ चर आणि त्यात कर्दळ, वाळा, पाणकणीस दाट लावा. पाणी त्यातून हळू जाईल आणि बरंचसं खत ती झाडं ओढून घेतील. दर काही महिन्यांनी कापून बाहेर टाकायची, तिथंच कुजू दिली तर उपयोग नाही. पूर्ण शुद्ध होणार नाही, पण केंदाळाला मिळणारं जेवण कमी होईल.

वनस्पती_धारवाड
एक शेवटचा प्रश्न. ही तुमच्या तळ्यात आली कुठून? आधी होती का?

तळ्याकाठची
बराच वेळ विचार करून लिहितेय. आधी नव्हती. तळ्यात पूर्वी कमळं होती, ती गेली म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच पैसे काढून रोपवाटिकेतून कमळाची रोपं आणली. ती टबात होती आणि टबात वर बारीक हिरवी पानं तरंगत होती. शोभेची असतील म्हणून तशीच सोडली. मी स्वतः सोडली. फोटो आहे माझ्याकडे, आत्ता मोठा करून बघितला. तीच पानं.

वनस्पती_धारवाड
हे असंच पसरतं, टबातून आणि माशांच्या काचेच्या टाक्यांतून. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. यापुढे पाण्यातलं कुठलंही रोप आणलं की आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, मुळं धुवा, तरंगणारं सगळं वेचून उन्हात वाळवा, मग तळ्यात.

ऊसवाला_चिकोडी
औषधाचं मी मागे घेतो. आमच्या शेततळ्यातले मासेही तेव्हा गेले होते. आम्ही उन्हाळ्याने गेले असं समजलो. माझ्याकडे ऊस रोपांची जुनी शेडनेट पडून आहे, लागली तर रविवारी घेऊन येतो. गाव कुठलं?

तळ्याकाठची
व्यनि (खाजगी निरोप) केलाय अण्णा.

तळ्याकाठची
(रविवार, रात्री) सांडव्याला जाळी बसली. सकाळी वारा चांगला होता, अकरापर्यंत निम्मं तळं पूर्वेच्या कोपऱ्यात आलं. पाट्यांनी उचलून मंदिरामागच्या माळावर नेलं, चौदा ट्रॉल्या झाल्या. दक्षिणेला कमळपक्ष्याचं घरटं सापडलं, चार अंडी, तो तुकडा बांबू रोवून वेगळा ठेवलाय. गणपतीपर्यंत सगळं होणार नाही. यंदा विसर्जनाला टाकी ठेवायची का, हे मंडळांना उद्या विचारणार आहे.

जुना_कारकून
आणि उतारा?

तळ्याकाठची
दिशांकवर सर्वे नंबर मिळाला. तलाठ्यांनी बुधवारी बोलावलंय. अर्ज दोन्ही भाषांत लिहून ठेवलाय, गटाराच्या चराचा नकाशाही जोडलाय.

जुना_कारकून
पोच घ्यायला विसरू नका.