रूनशिळा: आईबापांची आठवण की दगडात कोरलेला सातबारा?

मेलारकाठ

गेल्या रविवारी सायकलने टेबीला गेले. स्टॉकहोमच्या उत्तरेला, आता उपनगरच झालेलं गाव. तिथे जुन्या रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर शिळा उभ्या आहेत. सापाच्या अंगासारखा वळत जाणारा पट्टा, त्यात रून अक्षरं, म्हणजे व्हायकिंग काळातली इकडची लिपी, मध्ये क्रूस. उभारणारा यार्लाबांके हा अकराव्या शतकातला इथला जमीनदार. मजकूर असा: "यार्लाबांकेने ही शिळा स्वतःच्या नावे, स्वतः जिवंत असताना उभारली. आपल्या आत्म्यासाठी हा पूल केला. सगळं टेबी त्याच्या एकट्याचं होतं. देव त्याच्या आत्म्याला मदत करो."

पूल म्हणजे दलदलीतून दगडमाती टाकून केलेला सुमारे दीडशे मीटरचा उंच रस्ता. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस या शिळांमधूनच जाणार. तिथून जवळच वालेन्तुनाच्या चर्चपाशी याच माणसाची आणखी एक शिळा आहे. तिच्यावर तो म्हणतो की सभेची जागा आपण केली आणि हा सगळा 'हुंदारे', म्हणजे तालुक्यासारखा विभाग, आपल्या एकट्याचा आहे.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण या दगडांना 'स्मृतिशिळा' म्हणून मोकळे होतो, पण वाक्याची रचना बघा. जवळजवळ प्रत्येक शिळेवर पहिलं नाव जिवंत माणसाचं असतं: "अमक्याने ही शिळा उभारली, तमक्याच्या मागे, आपल्या बापाच्या." मेलेला नंतर येतो आणि त्याच्याशी असलेलं नातं न चुकता सांगितलेलं असतं. मेलार सरोवरातल्या एका बेटावर हिलर्शोची शिळा आहे. तिची सुरुवातच "वाच!" अशा आज्ञेने होते, आणि पुढे काय आहे? गेरलोग लहान वयात गेरमुंडला दिली. त्यांना मुलगा झाला. गेरमुंड बुडाला, मग मुलगाही गेला. तिने गुद्रिकशी लग्न केलं. त्या मुलांतली इंगा तेवढी जगली. इंगाचं लग्न स्नोत्स्ताच्या राग्नफास्तशी झालं. तो मेला, मुलगा मेला, मुलाचा वारसा आईकडे आला. इंगाने एरिकशी लग्न केलं आणि तीही गेली. मग गेरलोगला लेकीचा वारसा मिळाला. शेवटी कोरणाऱ्याचं नाव, थोरब्योर्न स्काल्ड.

एवढ्या मरणांत एकही हळहळीचा शब्द नाही. कोण कोणाच्या आधी गेलं, एवढाच क्रम आहे. तलाठ्याकडच्या वारसनोंदीत हाच क्रम लागतो. इतिहासकार बिर्गित सॉयर यांनी शिळांचा मोठा साठा तपासून असंच मांडलं आहे की शिळा उभारणारा बहुतेक वेळा वारसा मिळणारा असतो. मला ते पटतं. रूनशिळा हा दगडी सातबारा आहे, शोक हा त्याचा मथळा. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

अक्षरवाट

तुम्ही यार्लाबांकेचं वाक्य पूर्ण दिलंत, पण वाचलंत अर्धंच. "आत्म्यासाठी हा पूल केला" आणि "देव मदत करो" ही त्यातली निम्मी वाक्यं आहेत. दलदलीत रस्ता बांधणं हे त्या काळच्या नव्या ख्रिस्ती समजुतीत पुण्याचं काम होतं. वाटसरूने पाय कोरडे ठेवून पलीकडे जावं आणि मेलेल्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हणावेत, म्हणून शिळा रस्त्यावर.

आणि काळाचा प्रश्न आहेच. स्वीडनमध्ये अडीच हजारांच्या आसपास शिळा आहेत, त्यातल्या सुमारे १,३०० एकट्या उपलांड प्रांतात, म्हणजे टेबी ज्यात येतं त्यात, आणि त्यातल्याही बहुतेक अकराव्या शतकातल्या. म्हणजे जेव्हा त्या भागात ख्रिस्ती धर्म रुजत होता पण गावोगावी चर्च आणि दफनभूमी अजून नव्हती, नेमक्या त्या पिढ्यांतल्या. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला दफनभूमी आल्या आणि शिळा थांबल्या. जमीन थांबली नव्हती, वारसेही थांबले नव्हते. सातबाऱ्याची गरज कायम असताना सातबारा लिहिणं का बंद पडलं, याचं उत्तर तुमच्या मांडणीत नाही.

शिवाय बापाच्या मागे मुलाने उभारलेल्या शिळा सगळ्यात जास्त. मुलगा वारस असतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यासाठी कोणी एवढा खर्च करेल का?

मेलारकाठ

काळाचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण धर्म बदलत होता तेव्हा सत्ताही बदलत होती. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ब्लूटूथने सुमारे ९६५ मध्ये येलिंगला शिळा उभारली. सुरुवात बाप गोर्म आणि आई थिरा यांच्या आठवणीने आहे, पण शेवट काय? "तो हाराल्ड, ज्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे आपल्यासाठी जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं." आईबाप पहिल्या ओळीतच संपले. पुढची सगळी जागा मुलाची.

स्वीडनच्या यामट्लांड प्रांतातल्या फ्रोसो बेटावरची शिळा तर आणखी पुढे जाते. गुदफास्तचा मुलगा ओस्तमान म्हणतो की मी ही शिळा उभारली, हा पूल केला आणि यामट्लांड ख्रिस्ती केलं. कोणी मेलेलंच नाही त्यात. राजा, बिशप, नवे कायदे अंगावर येत असताना जुनी घराणी "हे आमचं" असं ठोकून सांगत होती, असं मला दिसतं. मुलाचा हक्क गावाला माहीत होता हे खरं, पण गावाबाहेरच्या नव्या सत्तेला तो सांगावा लागत असेल.

वकीलकाका

मी तीस वर्षं दिवाणी कोर्टात वारसाहक्काचीच कामं केली आहेत, म्हणून मेलारकाठ यांच्या बाजूने एक भर घालतो. ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यापाशी तोला नावाच्या आईची शिळा आहे. तिचा मुलगा हाराल्ड, इंगवारचा भाऊ. "ते मर्दासारखे दूर सोन्यासाठी गेले, पूर्वेला गरुडाला खाऊ घातलं, दक्षिणेत सेर्कलांदला मेले." गरुडाला खाऊ घालणं म्हणजे शत्रूची प्रेतं पाडणं. सेर्कलांद म्हणजे कास्पियनकडचा मुसलमानी मुलूख. इंगवारची ही मोहीम १०४०च्या सुमारास बुडाली आणि तिच्यात गेलेल्यांच्या पंचवीसेक शिळा मेलारच्या आसपासच्या मुलखात विखुरल्या आहेत.

आता घरी राहिलेल्यांचा विचार करा. प्रेत नाही, साक्षीदार दोन-चार, तेही कधी परततील सांगता येत नाही. बेपत्ता माणसाची जमीन कोणाच्या नावावर करायची, हा प्रश्न मी असंख्य घरांत पाहिला आहे. भाऊ भावाशी बोलेनासा होतो त्यात. अशा वेळी चारचौघांत दगड उभा करून "तो मेला, तिकडे मेला" असं जाहीर करणं म्हणजे मृत्यूचा दाखलाच.

ओवीकर

काका, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून म्हणते, तोलाच्या शिळेवरचा तो मजकूर पद्यात आहे. जुन्या नॉर्स छंदात, अक्षरं जुळवून. दाखल्यासाठी कोणी छंद जुळवत नाही. त्या बाईला मुलाचं मरण कवितेत ठेवावंसं वाटलं.

आणि मेलारकाठ, तुमचा मुख्य आधार, जिवंत माणसाचं नाव आधी आणि नातं सांगितलेलं, तो मला अजिबात टिकणारा वाटत नाही. आपल्या वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचा. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे." ही वारसांची यादीच आहे, क्रमानेसुद्धा. माझ्या वडिलांची ती बातमी मी स्वतः लिहून दिली होती, आणि तेव्हा घर-जमीन माझ्या मनात नव्हती. माणूस गेला की तो कोणाचा होता हे सांगावंसं वाटतं. त्या शिळांवरचा 'एफ्तिर' हा शब्द अगदी आपल्या 'मागे'सारखा आहे: काळाने मागे आणि आठवणीतही मागे. आणि बायको नवऱ्याला 'बोंदी' म्हणते. त्याचा अर्थ नवराही आणि शेतीवाडीचा मालकही, आपल्या 'घरधन्या'सारखा. 'घरधनी' म्हणणारी बाई मालमत्तेचा दावा करत नसते.

आता दोन शिळा तुमच्यापुढे ठेवते. व्हेस्टमानलांडात हासमीराची शिळा. होल्मगोट नावाच्या शेतकऱ्याने बायको ओदिनदिसा हिच्या मागे उभारली. "हिच्याहून चांगली, घरदार सांभाळणारी गृहिणी हासमीराला येणार नाही." हेही पद्यात. त्याला यातून काय मिळणार होतं? शेत त्याचंच होतं.

दुसरी नॉर्वेतली, हादेलांडमधल्या दिन्नाची, आता ओस्लोच्या संग्रहालयात. उंच, सुळक्यासारखी शिळा, वर येशूच्या जन्माचं आणि ताऱ्यामागून आलेल्या ज्ञानी राजांचं चित्र. "गुन्नवोर, थ्रिद्रिकची मुलगी, हिने पूल केला, आपली मुलगी आस्त्रीद हिच्या मागे. हादेलांडमधली ती सगळ्यात कसबी हाताची मुलगी होती." कसबी हाताची. विणकाम असेल, भरतकाम असेल. आईला आठवले ते लेकीचे हात. यात कुठलं शेत दिसतं तुम्हाला?

मेलारकाठ

आस्त्रीदपुढे माझ्याकडे उत्तर नाही. तो दगड मला माहीत होता, पण त्यातले हात मी कधी असे पाहिले नव्हते.

हासमीराबद्दल मात्र एक सांगते. स्त्रीची अशी पद्यात स्तुती करणारी व्हायकिंगकालीन शिळा अख्ख्या स्वीडनमध्ये तेवढी एकच आहे. म्हणूनच ती सगळ्यांना पाठ असते. शेकड्यांनी उभ्या असलेल्या कोरड्या शिळांबद्दल ती काही सांगू शकत नाही.

इंगाकडे पुन्हा बघा, हिलर्शोच्या गेरलोगची लेक. तिने नवरा राग्नफास्तच्या मागे चार शिळा उभारल्या. एकावर स्पष्ट लिहिलं आहे की आपल्या मुलाचा वारसा तिला मिळाला. शोकासाठी एक शिळा पुरते. जमिनीच्या सीमेवर, सासरच्या माणसांना दिसेल अशी चार वेळा नोंद लागते ती एकट्या पडलेल्या विधवेला. मी याला शोकाविरुद्ध म्हणत नाही. मी म्हणते, त्या बाईला रडायला सवड नव्हती.

घणछिन्नी

मी दगडात काम करतो, मूर्ती आणि पाट्या. दोन्ही बाजू वाचल्या. दगड हातात धरणाऱ्याच्या बाजूने थोडं.

उपलांडचा दगड बहुतेक ग्रॅनाइटच्या जातीचा, कठीण. अशा दगडात वाकत्या पट्ट्यात अक्षरं बसवायची तर आधी आखणी चोख लागते, चुकलं तर पुसता येत नाही. म्हणूनच तिथे कोरणारे नावाजलेले होते आणि आपलं नाव खाली घालत. ओपिर हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, चाळीसहून जास्त शिळांवर त्याची सही आहे. ओस्मुंड कोरेसन हा त्याच्या आधीचा मोठा कारागीर. कोरून झाल्यावर रंग भरत, लाल आणि काळा. आज करडा दिसणारा दगड त्या वेळी लांबून झगझगत असेल.

शिवाय लिपीत अक्षरं फक्त १६. 'त' आणि 'द' एकाच खुणेत, 'क' आणि 'ग' एकाच खुणेत. वाचणाऱ्याला थांबून, ओठ हलवून लावावं लागे. हिलर्शोच्या शिळेवर "वाच!" का लिहिलं ते मला यातून कळतं. म्हणजे हे काम खर्चिक. कोणाला परवडत होतं? जमीनवाल्यांना. गुलामांची, कुळांची नावं या दगडांवर जवळजवळ नाहीतच. वाद घालताना हे ध्यानात राहू द्या की आपण वरच्या थरातल्या शोकाबद्दल बोलतो आहोत.

एक अपवाद मला फार जवळचा वाटतो. डेन्मार्कमधल्या होर्निंगची शिळा. "तोकी लोहाराने ही शिळा थोर्गिस्ल गुदमुंदसन याच्या मागे उभारली, ज्याने त्याला सोनं आणि स्वातंत्र्य दिलं." मुक्त झालेला गुलाम, हाताने काम करणारा माणूस. नातं नाही, वारसा नाही. मेलारकाठ, हा कुठल्या सातबाऱ्यात बसतो?

वकीलकाका

तोकीचं उत्तर मी देतो. मालक मेला. त्याचे वारस उद्या म्हणाले असते की हा तर आमच्या घरचा दास, तर? मुक्त केल्याचा साक्षीदार गेला. दगडावर "स्वातंत्र्य दिलं" असं कोरून तोकीने आपला कागद पक्का केला.

घणछिन्नी

काका, हे मला सुचलं नव्हतं. पण मग त्याने मालकाचं नाव बापासकट का कोरलं, सोनं दिल्याचं का सांगितलं? स्वातंत्र्य पुरलं असतं. ज्याने आपल्याला सोडलं त्याचं नाव आपल्या खर्चाने दगडात घालणं, हे कृतज्ञतेशिवाय होत नाही. दोन्ही असेल.

गडवाटा

आमच्याकडच्या वीरगळींची आठवण आली. लढाईत पडलेल्याचा दगड तोच ना? मग हे व्हायकिंग योद्ध्यांचे दगडच म्हणायचे का?

अक्षरवाट

नाही, इथे फरक मोठा आहे. आपल्या बहुतेक वीरगळींवर चित्र असतं आणि नाव नसतं. रूनशिळेवर नाव असतंच, तेही उभारणाऱ्याचं आधी. आणि बहुसंख्य शिळा घरी, अंथरुणावर मेलेल्या शेतकऱ्यांच्या आहेत. परदेशी गेलेल्यांचे उल्लेख थोड्याच शिळांवर, पण तेच सगळीकडे छापले जातात. उदाहरणार्थ बोरेस्ताचा उल्फ. त्याने इंग्लंडात तीन वेळा खंडणीत वाटा घेतला, वाटा देणारे व्हायकिंग म्होरके असे: पहिल्यांदा तोस्ती, मग थोर्केल, मग कनूट. आणि हे सगळं करून तो उपलांडला परतला आणि शेती करू लागला.

यार्लाबांकेची आजी एस्त्रीद हिचीही शिळा टेबीजवळच, ब्रोबीच्या पुलापाशी आहे. तिचा नवरा ओस्तेन जेरुसलेमला गेला आणि ग्रीकांच्या देशात वारला. मेलारकाठ, पुढच्या वेळी सायकल तिकडेही वळवा. नातवाने "सगळं माझं" म्हटलं, त्याच घरातल्या आजीने नवरा कुठे गेला आणि कुठे मेला एवढंच लिहिलं. जमिनीचं एक अक्षर नाही.

ओवीकर

मला शेवटी रोकच्या शिळेबद्दल बोलायचं आहे. ओस्तर्योतलांडात, सुमारे ८०० सालची. पाचही बाजूंनी कोरलेली, सातशेहून जास्त अक्षरं, दगडावर कोरलेला जगातला सगळ्यात लांब रून-मजकूर. कोडी, जुन्या वीरांची नावं, गुप्त खुणा. २०२० मध्ये स्वीडिश अभ्यासकांच्या एका गटाने तिचा संबंध सूर्य झाकोळून थंडी पडण्याच्या, ५३६ सालानंतरच्या आठवणीशी लावला. वाद चालू आहे. पण पहिली ओळ वाचता येते. "वेमोदच्या मागे या रून उभ्या आहेत. वारिनने त्या रंगवल्या, बापाने, मेलेल्या मुलाच्या मागे."

इथे मुलगा आधी गेला आहे. पूल नाही, शेत नाही, देवाकडे मागणं नाही. बापाला ठाऊक होतं ते सगळं त्याने त्या दगडावर लिहून काढलं.

मेलारकाठ

रोक माझ्या शिळांहून दोनशे वर्षं जुनी आहे, तेव्हा तिच्यावरून उपलांडचा निकाल लागत नाही, हे मी अजूनही म्हणेन. इंगा आणि गेरलोग यांच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. यार्लाबांकेबद्दलचं तर नाहीच.

पण येत्या रविवारी ब्रोबीला जाते आहे, एस्त्रीदची शिळा बघायला. फोटो इथेच टाकेन.