मदत हवी आहे: जेवणाआधीच उठून आलो, अ‍ॅडव्हान्स परत मिळेल काय?

नमस्कार मंडळी, रविवारी आईच्या पंचाहत्तरीला खानापूरहून 14 जण बेळगावला जेवायला गेलो, टिळकवाडीत एका हॉटेलात, नाव घेत नाही. 2000 रुपये अ‍ॅडव्हान्स फोनवरून भरलेला, तरी टेबल तयार नाही, सव्वा तास नुसतं पाणी. आईला शुगर आहे ओ, वेळेवर खायला लागतं, हे दोनदा सांगितलं. शेवटी आमटी आली ती आंबूस वास मारत होती आणि मॅनेजर म्हणतो कसा, तुम्हालाच तसं वाटतंय. आई गप बसलेली बघून मला राहवलं नाही, सगळे उठून आलो. घरी येऊन पिठलं-भात केला, तिनं पोटभर खाल्लं.

आता अ‍ॅडव्हान्स देणार नाही म्हणतात. पेमेंटचा मेसेज आणि आमटीचा फोटो आहे. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन माहीत आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही हेपण वाचलंय. पण आधी हॉटेलला लेखी नोटीस द्यावी काय? तक्रार मराठीत चालते की कन्नड, इंग्लिशच लागतं? बेळगावात कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.