जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: साटा की एनव्हीएमई, क्लोन की कोरं विंडोज?

संथ_चरखा

मशीन असं आहे: इंटेल आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम (एकच मॉड्यूल, दुसरा स्लॉट रिकामा), ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्डडिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून ब्राउझर हाताशी येईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. तेवढा वेळ टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असते, प्रोसेसर मात्र २० टक्क्यांच्या वर सरकत नाही. सी ड्राइव्हवर ११० जीबी भरलंय, डी वर फोटो आणि कागदपत्रं आहेत.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) घ्यायची हे ठरलंय, पण तीन ठिकाणी अडलंय.

१. बोर्डावरचे सगळे साटा पोर्ट (डिस्क केबलने जोडायची नेहमीची जागा) ३ जीबीपीएसचे आहेत. मग एसएसडीचा अर्धा वेग वायाच जाणार ना? त्यापेक्षा पीसीआयई स्लॉटातल्या कार्डावर एनव्हीएमई (त्या स्लॉटवरून चालणारी जास्त वेगवान एसएसडी) लावलेली बरी का?
२. आहे ती डिस्क क्लोन (विंडोजसकट हुबेहूब नक्कल) करू की विंडोज नव्याने टाकू? हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं लायसन्स पुन्हा चालू करून घेणं फार कटकटीचं आहे.
३. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) साटा मोड ‘आयडीई’, म्हणजे जुन्या पद्धतीचा, दिसतोय. तो बदलायचा का, आणि कधी?

---

खटपट्या

साटाच घ्या. कारण आकड्यांतच आहे.

७२०० आरपीएम म्हणजे तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला साधारण ८-९ मिलिसेकंद. मिळून १२-१३. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं, तर वेग पडला सेकंदाला ३२० केबी. विंडोज सुरू होताना नेमकं असंच हजारो बारक्या फाइलींचं वाचन चालतं. तुमचा प्रोसेसर २० टक्क्यांवर रिकामा बसतो तो याचमुळे, डिस्कची वाट बघत.

एसएसडीला तीच जागा गाठायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतात. सगळा फरक इथे पडतो, आणि या आकड्याचा पोर्ट ३ चा की ६ चा याच्याशी फारसा संबंध नाही. ३ जीबीपीएसवर सलग वाचन २६०-२८० एमबीला अडकेल, ६ वर ५५० पर्यंत गेलं असतं. मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करताना ते जाणवेल. मशीन सुरू होताना, ब्राउझर उघडताना नाही.

एनव्हीएमईची अडचण वेगळीच आहे. त्या काळातल्या बोर्डांच्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नसतो. कार्ड लावून विंडोजच्या आतून ड्राइव्ह दिसेल, पण तिच्यावरून मशीन सुरू होणार नाही. बायोस बदलून किंवा पेन ड्राइव्हवर मधला बूटलोडर ठेवून जमवतात लोक, पण रोजच्या कामाच्या मशीनवर हा खेळ नको.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, २४० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये २२३ जीबी दिसते. तुमचं ११० भरलंय, तेव्हा बसेल, पण ४८० किंवा ५०० घेतलीत तर मोकळी जागा भरपूर राहील आणि लिखाण जास्त सेल्सवर (डेटा साठवणाऱ्या कप्प्यांवर) विभागलं जाईल. दोन, आत डीरॅम कॅश (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) आहे की नाही. एनव्हीएमईत डीरॅम नसली तर संगणकाच्या रॅमचा थोडा तुकडा वापरायची सोय असते, साटामध्ये ती नाही. म्हणून बिनडीरॅमची साटा ड्राइव्ह भरत आली की लिखाणात अडखळते. टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) आणि डीरॅम असलेली मिळाली तर तीच घ्या. क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट, लिखाणात संथ) असेल तर किमान निम्मी रिकामी ठेवा.

---

चौथी_पिन

वरच्याशी सहमत. मी जोडणीचं लिहितो, कारण नवी ड्राइव्ह ‘खराब निघाली’ म्हणून परत जाते त्यात पुष्कळदा दोष केबलचा असतो.

एसएमपीएसचा मागचा स्विच बंद, वायर काढलेली, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच ड्राइव्ह पाकिटातून काढा.

स्क्रू: २.५ इंची एसएसडीला एम३ स्क्रू लागतात, ३.५ इंची हार्डडिस्कचे ६-३२ वाले नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून बघा, हार्डडिस्कचा जाडा असतो आणि आटे लांब-लांब असतात. तो जोर लावून एसएसडीत फिरवलात तर आटे कायमचे जातात. एम३ सुद्धा ३-४ मिलिमीटरचाच हवा, लांब स्क्रू आत सर्किट बोर्डाला टेकू शकतो. ३.५ इंचाच्या जागेत बसवायला ब्रॅकेट मिळतो. तो नसेल तर एका बाजूचे दोन स्क्रू पुरेत, किंवा चांगला दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे आडवी-उभी कशीही चालते. फक्त केबलला लोंबकळत सोडू नका. ड्राइव्हच्या कनेक्टरमधली ती एल आकाराची प्लास्टिकची जीभ एका हिसक्यात तुटते, आणि ती तुटली की ड्राइव्ह गेलीच.

डेटा केबल शक्यतो नवी, क्लिपवाली. जुनी केबल वेगाला कमी पडते असं नाही, पण वर्षानुवर्षं दुमडून राहिलेली केबल आणि सैल झालेलं टोक यांनी चुका येतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी७ क्रमांकाची ओळ बघा, सीआरसी एरर काउंट. तो आकडा वाढत असेल तर दोष ड्राइव्हमध्ये नाही, केबल बदला. आकडा पुन्हा शून्य होत नाही, वाढायचा थांबला की झालं. तिथेच वर ‘साटा/३०० | साटा/६००’ असं दिसेल. पहिला आकडा सध्याचा वेग, दुसरा ड्राइव्हची क्षमता. एच६१ वर हे असंच दिसणार, घाबरू नका.

पॉवरसाठी एसएमपीएसला साटाची मोकळी पिन नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हची काढून लावा. चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड घ्यायची वेळ आलीच, तर प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका. त्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात, प्लास्टिक वितळतं, प्रसंगी पेट घेतं. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते तसला जोड सुरक्षित.

---

दुसरी_बाजू

प्रश्न २ आणि ३ एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून क्रम महत्त्वाचा.

मोड बदलायचाच. आयडीई मोडमध्ये एनसीक्यू मिळत नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत देता येत नाहीत, आणि एसएसडीचा बराच जोर त्यात आहे. पण थेट बायोसमध्ये जाऊन एएचसीआय (साटाचा नवा मोड) केलंत तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. सुरू होताना तो ड्रायव्हर लोड करायचा हे त्याला माहीतच नसतं. म्हणून जुनी डिस्क असतानाच हे करा:

एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’, त्याखाली ‘मिनिमल’ निवडा. रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करून सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि ड्रायव्हर स्वतःच उचलेल. मग एमएसकॉन्फिगमधली ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं होऊ शकतं, तेव्हा खात्याचा पासवर्ड आधी पक्का ठाऊक असू द्या. नाहीतर दाराबाहेर उभे राहाल.

हे जुन्या डिस्कवर नीट चाललं, की मग क्लोन.

क्लोन करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५ (बदलून दिलेले खराब सेक्टर), सी५ (वाचता न आलेले, संशयित सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न झालेले सेक्टर) या ओळी. सी५ मध्ये शून्याशिवाय काहीही असेल तर क्लोनच्या नादी लागू नका. तासन्‌तास सलग वाचन करवून मरणाऱ्या डिस्कला शेवटचा धक्का बसतो. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा, मग पुढचं. (आकडे तिथे हेक्समध्ये दिसतात, शून्य मात्र शून्यच.)

डिस्क ठणठणीत असेल तर लायसन्सच्या कारणासाठी मी क्लोनच म्हणेन. ड्राइव्ह ४८० ची घेतलीत तर तुमची ५०० ची डिस्क तिच्याहून मोठी ठरते, विंडोजमध्ये दिसणारे ४६५ जीबी विरुद्ध ४४७. क्लोनझिला हे फुकट क्लोनिंग सॉफ्टवेअर लहान ड्राइव्हवर सहजी क्लोन करत नाही. एसएसडी कंपनीचं स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर असेल तर ते बहुधा फक्त निवडलेली पार्टिशन उचलून हा प्रश्न सोडवतं. तुम्हाला सी आणि त्याच्या आधीचं छोटं ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ एवढंच हवंय, डी नाही. ते छोटं पार्टिशन विसरलात तर क्लोन सुरूच होणार नाही, बूटच्या फाइली त्यातच असतात. सी आकसायची वेळ आली आणि विंडोज ‘एवढीच जागा कमी करता येईल’ म्हणून अडलं, तर हायबरनेशन, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची वापरतं ती फाइल) आणि सिस्टम रिस्टोअर तात्पुरतं बंद करा. या फाइली मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर तेही आधी थांबवा.

क्लोन झाला की मशीन बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा, मगच एसएसडीवरून पहिल्यांदा सुरू करा. ही पायरी गाळू नका. दोन्ही डिस्कांची ओळख-सही सारखी झालेली असते. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा तुम्ही एसएसडीवर आहोत असं समजून जुन्या डिस्कवरच काम करत राहता.

---

खटपट्या

क्लोनच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं. तेच विंडोज खूप वर्षं चालत आलं असेल तर त्यातला कचराही एसएसडीवर येतो. मशीन झटपट होईल यात शंका नाही, पण आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी तीच राहील. लायसन्सची अडचण नसती तर मी नव्यानेच टाका म्हटलं असतं. विंडोजची सक्रियता मुख्यतः बोर्डाशी जोडलेली असते, तेव्हा तीच आवृत्ती, होम तर होम, टाकली की प्रॉडक्ट-की न देताही चालू होतं. नव्याने टाकतानाही जुनी डिस्क काढलेलीच हवी. दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज एसएसडीवर जातं आणि बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर. वर्षभराने ती डिस्क काढली की ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’.

आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. हिशेबाचं काम त्यावर आहे म्हणून सांगतो: एसएसडीवर ६०-७० जीबी मोकळं पार्टिशन ठेवा, पुढे लिनक्स टाकून इंटरनेटचं काम त्यावर नेता येईल.

रॅमकडेही बघा. ४ जीबीत विंडोज १० सतत पेजफाइलवर लिहीत असतं. एसएसडीवर ते खुपणार नाही, पण रॅमची बरोबरी एसएसडी करत नाही. रिकाम्या स्लॉटमध्ये ४ जीबीचं डीडीआर३ मॉड्यूल टाकलंत की ८ होतील आणि दोन्ही चॅनेल चालू होतील. १६०० चं मिळालं तरी चालेल, तुमच्या प्रोसेसरवर ते १३३३ ने धावेल.

---

संथ_चरखा

सी५ आणि सी६ दोन्ही शून्य आहेत, ०५ ही शून्य. मग सेफ मोडने एएचसीआय, नंतर क्लोन, असं ठरवतोय. दोन शंका उरल्या. डीफ्रॅग बंद करावं लागतं ना? आणि जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करून डी साठी वापरू का?

---

दुसरी_बाजू

डीफ्रॅगचं वेळापत्रक बंद करू नका. विंडोज १० एसएसडी ओळखतं आणि त्या वेळापत्रकात ट्रिम पाठवतं, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या हे ड्राइव्हला कळवतं. क्लोननंतर ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून सी समोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना, एवढं बघा. ‘हार्डडिस्क’ दिसलं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून विनसॅट या विंडोजच्या वेग मोजणाऱ्या साधनाची डिस्क चाचणी एकदा चालवा, ओळख ताजी होते.

ट्रिमची दुसरी बाजू लक्षात असू द्या. हार्डडिस्कवरून चुकून उडवलेली फाइल पुष्कळदा परत मिळते. एसएसडीवर ट्रिम झालं की मिळत नाही. हिशेबाच्या फाइलींची रोजची प्रत सध्या पेन ड्राइव्हवर आणि पुढे जुनी डिस्क पुन्हा लावलीत की तिच्यावर जाऊ द्या.

जुनी डिस्क दोन-तीन आठवडे तशीच बाजूला ठेवा. हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, महिनाअखेरचं काम सगळं एकदा होऊन जाऊ द्या. डी वरचा डेटा त्याच डिस्कवर आहे, तेव्हा पुढेही सगळी डिस्क फॉरमॅट करायची नाही, फक्त सी आणि सिस्टम रिझर्व्ह्ड ही जुनी पार्टिशन उडवायची. मधल्या काळात फोटो लागले तर मशीन एसएसडीवर चालू असताना ती डिस्क यूएसबीच्या डब्यातून लावा. ऑफलाइन दिसली तर डिस्क मॅनेजमेंटमधून ऑनलाइन करा.

---

चौथी_पिन

एक राहिलं. एवढ्या जुन्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल कॅबिनेट उघडलंच आहे तर बदलून टाका, एएचसीआय करण्याच्या आधी. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. तुमच्या बोर्डाचं मूळ सेटिंग आयडीई असेल, तर दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी घड्याळ मागे गेलेलं असेल, साटा मोड उलटलेला असेल, आणि तोच निळा पडदा समोर येईल. लोक तेव्हा एसएसडी गेली असं धरून विंडोज पुन्हा टाकायला बसतात. असं झालं तर आधी बायोसमधली तारीख बघा. ती चुकलेली असेल तर मोड परत एएचसीआय करा, मशीन जसंच्या तसं उठेल.