मदत हवी आहे: पाणी दीड तास, घरात पाच माणसं आणि आरओची नळी

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे. मार्चपासून सकाळी साडेसहा ते आठ पाणी, संध्याकाळी पाऊण तास. बाकी टँकर, आणि त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये लागतात. आता नोटीस लागली आहे: वापर कमी झाला नाही तर संध्याकाळचं पाणी बंद.

शॉवर सोडला, बादलीवर आलो. दात घासताना नळ बंद, गाडी ओल्या फडक्याने. हे सगळं करून झालंय, तेव्हा कृपया तेच पुन्हा सांगू नका. अडलंय ते पुढे.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी सोडणाऱ्या नळीखाली एक दिवस अठरा लिटरची बादली ठेवली. दुपारी काठोकाठ! प्यायला मिळालं जेमतेम सहा-सात लिटर. इतकी वर्षं हे सिंकमध्ये जात होतं आणि मी मुलांना नळावरून ओरडत होते. हे पाणी वापरायचं कुठे? तुळशीला चालेल का?

फ्लशचा टँक भिंतीतला, जुना. एका दाबात दहा लिटर जातं. प्लंबर म्हणतो, बदलायचा तर टाइल्स फोडा.

आणि सासूबाई. नळ आला की कालचा हंडा मोरीत ओतून ताजं भरतात. ‘शिळं पाणी कोण पिणार?’ त्यांचं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा, तानसा तिथलीच धरणं, तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. लहानपणी डोक्यावरून पाणी आणलेली बाई, अजूनही अर्ध्या घमेल्यात सगळी भांडी विसळते. मला ते जमत नाही. पण तीच बाई हंडा ओततेच. काय सांगू त्यांना?

प्रतिसाद (ऐरोली)
ताई, आधी आरओ हवाच का ते बघा. धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात, यूव्हीवाला (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) प्युरिफायर पुरतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पाचशेच्या आत असेल तर क्षारांसाठी आरओची गरज नाही. मात्र टँकरचं पाणी बोअरचं असू शकतं, म्हणून नळाचं आणि टँकरचं वेगवेगळं मोजा. टीडीएस जंतू दाखवत नाही, तेव्हा यूव्ही बंद करू नका.
नळीचं पाणी लादी पुसायला, संडासात ओतायला घ्या. तुळशीला रोज नको, मातीत क्षार साठतात.

प्रतिसाद (कळवा)
टाइल्स कशाला फोडता? बटणाची प्लेट निघते, आत हात जातो. फ्लोट खाली केला की टँक कमी भरतो. दोन लिटर तरी वाचतात. वीट टाकू नका, विरघळून वॉशरमध्ये अडकते.
त्याआधी एक करा. टँकमध्ये खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय आणि पाणी रात्रंदिवस झिरपतंय. त्याचा आवाजही येत नाही.

प्रतिसाद (ऐरोली)
आणि सासूबाईंना काही सांगूच नका हो. मोरीत एक रिकामी बादली ठेवा. ओतू देत त्यात.

पुन्हा मीच
मंडळी, मनापासून आभार. मीटर आणला. नळाचं ७२, टँकरचं ४१०. म्हणजे नळाच्या पाण्यासाठी आरओ उगाचच चालवत होतो. टँकरचं पाणी कुठून येतं हे सेक्रेटरींना विचारलंय, उत्तर येईपर्यंत पिण्याचं पाणी सकाळीच भरून ठेवतोय.

रंगाची परीक्षा काल रात्री केली. श्रीखंडासाठी आणलेली केशरी डबी घेऊन बाथरूमकडे निघाले तर सासूबाई मागोमाग. ‘संडासात कसला रंग घालतेस गं?’ अर्ध्या तासाने दोघी वाकून बघतोय, तर भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक केशरी धार! त्या म्हणाल्या, ‘आणि माझ्या हंड्यावर डोळा तुमचा.’

बादली ठेवली आहे. आज त्यात ओतलं, न सांगता.

आता वॉशर बदलायचा आहे. कळवावाल्या दादांनी प्लेट निघते म्हटलंय, पण माझी हलतच नाही, बाजूने पांढरं सिमेंट भरलंय. सुरीने कोरून काढू का, की टाइल तडकेल?