मोकळी मेमरी २०० एमबी, तरी ड्रायव्हरला १२८ केबीचा बफर मिळत नाही

सॅम्पलवाला:

नमस्कार मंडळी. ६४ बिट आर्म बोर्ड, १ जीबी रॅम, स्वॅप नाही, लिनक्स कर्नल ६.१. एफपीजीएकडून (प्रोग्रॅम करता येणारी चिप) डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहून) सॅम्पल घेणारा कॅरेक्टर ड्रायव्हर आहे, वेग सेकंदाला साधारण ४ एमबी. बफर भरला की इंटरप्ट येतो. हँडलर भरलेला बफर वाचकाच्या यादीत टाकतो आणि जीएफपी_ॲटॉमिक (‘न थांबता द्या’ असा झेंडा) देऊन केमॅलॉकने, म्हणजे कर्नलच्या मेमरी मागायच्या फंक्शनने, नवा बफर घेतो. वाचून झाला की केफ्री. प्रत्येक बफर म्हणजे एक स्ट्रक्ट: आधी ६४ बाइटचं हेडर, लगेच मागे १२८ केबी डेटा.

बूटनंतर दोन-तीन दिवस सुरळीत चालतं. मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ६’ येतं आणि सॅम्पल गळायला लागतात. त्या वेळचं बडीइन्फो (मोकळ्या सलग गठ्ठ्यांची मोजणी):

नोड ०, झोन डीएमए: १८२३४ ९४११ २६७२ ३१५ १२ ० ० ० ० ० ०

तीन शंका आहेत. पान ४ केबीचं, ऑर्डर म्हणजे सलग पानांची संख्या दोनाचा कितवा घात ते; १२८ केबी म्हणजे ३२ पानं, म्हणजे ऑर्डर ५. मग लॉगमध्ये ६ का? मिन_फ्री_केबाइट्स (कर्नलने मोकळी राखायची किमान मेमरी) ६५५३६ केलं तर भागेल का? आणि केमॅलॉकऐवजी व्हीमॅलॉक वापरता येईल का?

पानमोजणी:

ऑर्डर ६ तुमच्या हेडरमुळे आला. ८ केबीच्या वरची केमॅलॉकची मागणी स्लबच्या (छोट्या मागण्या सांभाळणाऱ्या भागाच्या) ठरावीक मापांच्या कॅशमधून जात नाही, ती थेट पेज अलोकेटरकडे जाते. तिथे मापं दोनाच्या घातांतच मिळतात. १,३१,०७२ अधिक ६४ म्हणजे १,३१,१३६ बाइट, त्याला ३३ पानं लागतात. ३२ पानांच्या गठ्ठ्यात ते मावत नाही म्हणून ६४ पानांचा, म्हणजे २५६ केबीचा गठ्ठा फुटतो. ३१ पानं, म्हणजे १२४ केबी, दर बफरमागे फुकट.

आता तुमची ओळ वाचू. डावीकडून पहिला आकडा सुट्या पानांचा, पुढचा दोन पानांच्या जोड्यांचा, आणि असंच दुप्पट होत शेवटचा ४ एमबीच्या गठ्ठ्यांचा. बेरीज केली तर सुमारे १९७ एमबी मोकळे आहेत. त्यातले ६४ केबी किंवा मोठ्या सलग गठ्ठ्यांत किती? १२ × ६४ = फक्त ७६८ केबी. ऑर्डर ५ च्या रकान्यातही शून्य आहे, त्यामुळे नुसतं हेडर काढूनही त्या क्षणी बफर मिळाला नसता. मेमरी भरपूर आहे, पण ती चिल्लर आहे.

जीएफपी_कर्नलने मागितलं असतं तर कर्नलने थांबून पानं हलवली असती, जागा मोकळी केली असती. इंटरप्ट हँडलरमध्ये झोपता येत नाही, म्हणून जीएफपी_ॲटॉमिक यातलं काहीच करू शकत नाही. त्याला राखीव साठ्यात थोडं खाली हात घालायची मुभा आहे, पण राखीव साठाही सुट्या पानांचा असेल तर त्याचा काय उपयोग? तो फार तर केस्वॉपडीला (मागे राहून पानं मोकळी करणारा कर्नल थ्रेड) जागं करतो आणि लगेच नल देतो.

म्हणून मिन_फ्री_केबाइट्स हा इथला इलाज नाही. ती मर्यादा ‘किती मोकळं’ ते सांभाळते, ‘किती सलग’ ते नाही. १ जीबीतले ६४ एमबी तुम्ही प्रोसेसपासून कायमचे काढून घ्याल, लो आणि हाय रेषाही (केस्वॉपडीने कधी जागं व्हायचं, कधी थांबायचं) सोबत वर जातील, आणि स्वॅप नसल्यामुळे ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) लवकर येईल. नेटवर्क ड्रायव्हरला सुटी पानं ॲटॉमिक मागताना अपयश येत असतं तर हा आकडा वाढवायला मी स्वतः सांगितलं असतं.

निदान पक्कं करायचं तर व्हीएम खालच्या कॉम्पॅक्ट_मेमरी फाइलमध्ये १ लिहा आणि बडीइन्फो पुन्हा बघा. उजवीकडचे रकाने भरले तर पानं हलवण्यासारखी होती. तरी शून्यच राहिले तर हलवता न येणारी पानं सगळीकडे विखुरली आहेत; पेजटाइपइन्फोमध्ये ती वेगळी मोजलेली दिसतील.

रिंगमास्तर:

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत, पण मूळ चूक मला मांडणीत दिसते. सेकंदाला ३२ वेळा मोठी सलग मेमरी घ्यायची आणि सोडायची, तीही इंटरप्टमध्ये, हे करूच नका. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना चालणारं फंक्शन) एकदाच १६ बफर घ्या. १६ × १२८ केबी म्हणजे २ एमबी, तुमच्या वेगाला अर्ध्या सेकंदाची उसंत. वाचक याहून जास्त अडकणारा असेल तर ३२ घ्या. त्यानंतर हँडलरने फक्त याद्यांमध्ये फिरवाफिरव करायची: रिकामी, भरलेली.

रिकामी यादी संपली तर? तिथे नवा बफर मागू नका. सर्वांत जुना भरलेला बफर परत वापरा आणि ओव्हररनचा आकडा एकने वाढवून सिसएफएसमध्ये (कर्नलचे आकडे फाइलींसारखे दाखवणारी सोय) दाखवा, म्हणजे किती डेटा गळला ते वाचणाऱ्याला कळेल.

रीडमध्ये स्पिनलॉक फक्त यादीपुरता धरा, तोही आयआरक्यूसेव्हवाला (इंटरप्ट बंद करून धरायचा). बफर यादीतून काढा, लॉक सोडा, मग कॉपी_टू_युजर करा, पुन्हा लॉक घेऊन बफर रिकाम्या यादीत टाका. कॉपी_टू_युजर पेज फॉल्टवर झोपू शकतं. लॉक धरून केलंत तर महिनाभर चालेल आणि मग एकदम बोर्ड गोठेल. डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू करून बांधलेला कर्नल हे पहिल्याच दिवशी पकडतो.

हेडर वेगळ्या छोट्या स्ट्रक्टमध्ये हलवा. वाया जाणारी पानं हे एक कारण, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की सीपीयू लिहितो ते हेडर आणि डीएमए लिहितो तो डेटा खेटून आहेत. आर्म६४ वर डीएमएसाठीचं किमान अलाइनमेंट १२८ बाइट धरलेलं आहे, तुमचा डेटा ६४ वर सुरू होतो. कॅश लाइन १२८ बाइटची असलेल्या सीपीयूवर कॅश इनव्हॅलिडेट करताना हेडरमधलं ताजं लिखाण पुसलं जाऊ शकतं.

व्हीमॅलॉक इथे चालणार नाही. त्याची पानं फक्त आभासी पत्त्यांत सलग असतात. तो पत्ता डीएमए_मॅप_सिंगलला (सलग बफर डीएमएसाठी जोडणारं फंक्शन) देणं चूकच. तेच केव्हीमॅलॉकचं, कारण ते आतून व्हीमॅलॉककडे वळू शकतं. एफपीजीएमधलं डीएमए इंजिन स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या पानांवर एकाच फेरीत लिहिणं) करत असेल तर मात्र सगळ्यांत उत्तम: ३२ सुटी पानं घ्या, एसजी टेबल बांधा, सलग मेमरीचा प्रश्नच मिटला.

सॅम्पलवाला:

खूप आभार. इंजिनला स्कॅटर-गॅदर नाही, सलगच पत्ता लागतो. मोड्यूल कधीकधी बोर्ड बरेच दिवस चालू असताना काढून पुन्हा घालावं लागतं. तेव्हा प्रोबमध्येच अपयश आलं तर? नोफेल (मेमरी मिळेपर्यंत अपयश न घेणारा झेंडा) लावू का?

पानमोजणी:

नोफेल नको. ऑर्डर १ च्या वर तो दिला तर कर्नल इशारा छापतो, आणि मेमरी तुकड्यांत असताना प्रोब तिथेच घुटमळत राहील.

तुमच्यासाठी सीएमए (सलग मेमरीसाठी बूटलाच बाजूला ठेवलेली जागा) आहे. बूट ओळीत सीएमए=१६एम द्या, कर्नलमध्ये डीएमए_सीएमए चालू हवा, मेमइन्फोमध्ये सीएमएटोटल दिसतो का ते बघा. ही जागा एरवी हलवता येण्याजोगी पानं वापरतात, तुम्ही मागितलं की कर्नल ती दुसरीकडे नेतो. बफर डीएमए_अलॉक_कोहेरंटने, जीएफपी_कर्नल देऊन घ्या. पानं हलवायला वेळ लागतो, म्हणून हे प्रोबमध्येच. इथे माप दोनाच्या घातात वाढवलं जात नाही, लागतील तेवढीच पानं मिळतात. अजिबात कुणाशी वाटून घ्यायचं नसेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) या उपकरणापुरता राखीव मेमरीचा नोड लिहा.

एक तोटा आहे. एफपीजीए कॅश-कोहेरंट (सीपीयूच्या कॅशशी आपोआप जुळून राहणाऱ्या) पोर्टवर नसेल तर कोहेरंट मेमरी कॅशशिवाय जोडली जाते, आणि सीपीयूला १२८ केबी वाचायला जाणवण्याइतका उशीर होतो. ते परवडत नसेल तर ऑर्डर ५ ची पानं घेऊन डीएमए_मॅप_सिंगल करा. वाचण्याआधी सिंक_फॉर_सीपीयू, परत देताना सिंक_फॉर_डिव्हाइस. पहिला विसरलात तर मधूनच ६४ बाइटचे जुने तुकडे दिसतात, आणि दोष एफपीजीएवर जातो. पण या रस्त्याने सीएमएची हमी राहत नाही.

बिघाडशोध:

अपयशाची वाट एकदा मुद्दाम चालवून बघा. फॉल्ट इंजेक्शन आणि फेल_पेज_अलॉक (मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारी सोय) चालू असलेल्या कर्नलवर डीबगएफएसमध्ये मिन-ऑर्डर ५, प्रोबॅबिलिटी १००, टाइम्स १ लिहा. इग्नोर-जीएफपी-वेट आधीच ‘वाय’ असतं, ते ‘एन’ करा, नाहीतर जीएफपी_कर्नलच्या मागण्या सुटून जातात. मोड्यूल घाला: प्रोबने उणे ईनोमेम (‘मेमरी नाही’ हा त्रुटीचा कोड) देऊन आधीचे बफर परत करायला हवेत. सीएमएमधून येणारी मेमरी या फिल्टरमधून जात नाही, त्यामुळे ही चाचणी मॅप_सिंगलवाल्या मांडणीपुरती. केमेमलीकवरही (न सोडलेली मेमरी शोधणारं साधन) विसंबू नका, थेट पेज अलोकेटरकडून घेतलेली पानं ते मोजत नाही.

मोड्यूल काढता-घालता म्हणून शेवटचं, आणि हे फार महत्त्वाचं. रिमूव्हमध्ये सर्वांत आधी एफपीजीएचं डीएमए थांबवा आणि थांबल्याचं रजिस्टर वाचून खात्री करा. डेव्हएम प्रकारची (घेतलेलं आपोआप सोडणारी) फंक्शनं घेतलेल्याच्या उलट क्रमाने सोडतात, तीही रिमूव्ह संपल्यावर. म्हणून प्रोबमध्ये मेमरी आधी, इंटरप्ट नंतर. उलट केलंत तर मेमरी गेल्यावरही हँडलर जिवंत राहतो. डीएमए चालू राहिलं तर एफपीजीए दुसऱ्याच कुणाच्या पानांवर सॅम्पल लिहीत बसतो, आणि कोसळतं ते तुमच्या ड्रायव्हरशी काही संबंध नसलेलं.