आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेत काय लिहावे?

प्रश्न (वाडीतला धाकटा):

माझी आई गेल्या वर्षी पावसाळ्यात देवाघरी गेली. पुढच्या महिन्यात तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाची मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) आहे आणि त्या वेळी आप्तेष्टांना देण्यासाठी आम्ही भावंडे एक छोटी पुस्तिका छापणार आहोत. तिच्या जीवनावर दोन पाने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, पण जे लिहिले ते वाचून मलाच संकोच वाटला. धर्मनिष्ठ, प्रेमळ, कष्टाळू, रोज संध्याकाळी न चुकता रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणणारी, हे सगळे शब्द खरे आहेत. परंतु नाव बदलले तर तोच मजकूर आमच्या आळीतल्या कोणत्याही आजीच्या पुस्तिकेत खपून जाईल.

आम्ही वसईचे. वडिलांची वाडी लहान, म्हणून आई बरीच वर्षे मोगरा आणि चाफा घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जात असे. गाडीत ती रोझरीची माळ जपत असे, टोपली ठेवण्याच्या जागेवरून मध्येच शेजारणीशी कडाक्याचे भांडत असे, आणि भांडण आटोपले की अंगठ्याखाली धरून ठेवलेल्या त्याच मण्यापासून प्रार्थना पुढे चालू होई. माझ्या मनातली आई ही आहे. थोरल्या बहिणीचे म्हणणे मात्र असे की भांडणे, बाजार आणि पैशांची ओढाताण हे चर्चच्या आवारात वाटायच्या पुस्तिकेत शोभत नाही. आपले मत काय?

उत्तर १ (विणकाम, नाशिक):

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रथेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण लेस विणण्याच्या छंदापायी मी एका कॅथलिक आईच्या चरित्रापर्यंत पोहोचले होते आणि आपला प्रश्न वाचताना तीच आठवली. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या संत तेरेजाची आई झेली मार्टिन. जन्म १८३१ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा. तरुणपणी तिला जोगीण (नन) व्हायचे होते, पण मठाने तिला घेतले नाही. मग तिने आलांसों गावची प्रसिद्ध लेस शिकून स्वतःचा धंदा उभा केला. १८५८ साली लुई मार्टिन या घड्याळजीशी तिचे लग्न झाले, आणि धंदा इतका वाढला की पुढे नवऱ्याने आपले दुकान विकून तिच्या व्यवसायात हातभार लावला.

या लेसचा एक चौरस सेंटिमीटर विणायला सुमारे सात तास लागतात. बायका आपापल्या घरी लहान लहान तुकडे विणत आणि ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा बेताने जोडण्याचे सर्वांत नाजूक काम झेली स्वतः करी. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला जाणारी ही बाई दिवसभर खिडकीशी बसून सांधे जोडत असे, कारण मुलींच्या शिक्षणाचा आणि हुंड्याचा घोर तिच्या डोक्यावर होता.

तिची दोनशेहून अधिक पत्रे शिल्लक आहेत, आणि आज ती आपल्याला जिवंत वाटते ती या पत्रांमुळे. बहुतेक पत्रे भावाला, भावजयीला आणि मुलींना लिहिलेली आहेत. छापण्यासाठी त्यांतले एकही लिहिलेले नाही. मागणी जास्त आली की आपण या लेसच्या गुलाम होतो आणि मागणी आटली की काळजीने झोप उडते, ही तक्रार तिच्या पत्रात आहे. आपल्याला लहानपणी आईने कधी बाहुलीसुद्धा घेऊन दिली नाही, ही सलही आहे. तिसऱ्या मुलीने, लेओनीने, तिला किती जेरीस आणले तेही तिने लपवलेले नाही. १८७१ मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात, प्रशियाचे नऊ सैनिक तिच्या घरात उतरले होते, त्याचा वैतागही ती लिहिते.

नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली. ही मुले जन्मलीच नसती तर बरे झाले असते, असे सांत्वन करायला आलेले लोक म्हणत, तेव्हा ते बोलणे आपल्याला सहन होत नसे असे तिने भावजयीला लिहिले आहे; मुलांना मिळालेल्या शाश्वत सुखापुढे आपले दुःख आणि कष्ट तिला तोलण्याजोगेच वाटत नव्हते. हे वाक्य श्रद्धेचे आहे हे मला कळते, पण ते मला पटते ते त्याच पत्रव्यवहारात लेसचे हिशेब आणि दुखणारे डोके असल्यामुळे. स्तनाच्या कर्करोगाने २८ ऑगस्ट १८७७ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ती गेली, तेव्हा धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई या दोघांना एकत्र संतपद दिले. धंद्याची कटकट, मनातली सल आणि मुलीवरचा वैताग उघड असूनही रोमला काही अडचण आली नाही, तर आपल्या पुस्तिकेला टोपलीच्या भांडणाची अडचण का व्हावी?

उत्तर २ (पापडीकर):

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. पत्रे माणूस स्वतः लिहितो. पुस्तिका आपण लिहितो, आणि ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना उत्तर देता येत नाही. भांडण लिहायचे असेल तर आधी त्या गाडीतल्या बायकांना विचारा. आमच्याकडे दादरला जाणाऱ्या बायकांचा डबा ठरलेला असे, जागा ठरलेली असे, आणि त्यांना आपल्या आईविषयी जे ठाऊक आहे ते घरच्यांना ठाऊक असण्याची शक्यता कमी. आणखी एक, फुलांच्या हिशेबाची वही असेल तर ती रद्दीत घालू नका.

उत्तर ३ (आडनाव नको):

मला वेगळीच भीती वाटते. इटलीच्या संत जिआन्ना बेरेट्टा मोल्ला यांचे नाव काढले की सगळे एकच गोष्ट सांगतात. चौथ्या अपत्याच्या वेळी गर्भाशयात गाठ निघाली, तेव्हा बाळाला धोका होईल असा उपचार त्यांनी नाकारला. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी झाली आणि सात दिवसांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण त्या मुलांच्या डॉक्टर होत्या, लग्नानंतरही दवाखाना चालवत होत्या, डोंगरांवर जाणे आणि बर्फावर स्कीइंग करणे त्यांना मनापासून आवडे. शेवटच्या आठवड्याच्या तेजात आधीची सारी वर्षे झाकोळून जातात. आपल्या आईचे शेवटचे आजारपण दोन पानांपैकी दीड पान खाणार नाही एवढे बघा. माझ्या आईच्या बाबतीत मी हीच चूक केली. तिच्या लेखात रुग्णालय आहे, तिचे हसणे नाही.

प्रश्नकर्ता:

आपणा सर्वांचा आभारी आहे. माझ्या मसुद्यात खरोखरच पाऊणएक पान आजारपणाचे होते, ते मी चार ओळींवर आणले. वही सापडली. मोगऱ्याचा भाव, हमाली, केळीच्या सोपटाचे पैसे आणि आजोबांच्या मिस्सेसाठी दिलेले पैसे एकाखाली एक, एकाच रकान्यात लिहिलेले आहेत. देवाचा खर्च तिने वेगळा काढलेला दिसत नाही. ते पान आम्ही जसेच्या तसे छापणार आहोत.

पापडीकरांच्या सांगण्यावरून ज्या मावशींशी आईचे भांडण होई त्यांना मी भेटलो. त्या आता थकल्या आहेत, पण टोपलीचे नाव काढताच ताठ बसल्या. म्हणाल्या, ‘लिही की. पण खरे लिही. टोपली माझीच पुढे असायची.’ हे ऐकून बहीण राजी झाली. तिची अट एवढीच, की भांडणातले शब्द छापायचे नाहीत.